घरी ऑप्टिकल फायबर बनवताना कोणता पदार्थ घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला, की माझ्याकडे शाळा-कॉलेजची मुलं येऊ लागतात. कोणाच्या हातात अ‍ॅक्रिलिकची कांडी असते, कोणाच्या पिशवीत सलाइनची नळी, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. मी नागपुरात बरीच वर्षं फावल्या वेळात साखरेच्या, काचेच्या आणि प्लास्टिकच्या तारा ओढतो आहे. त्यातून जे हाताशी लागलं ते इथे लिहून ठेवतो.

घरी खरंच ऑप्टिकल फायबर बनतं का?

बनतं. एका टोकातून प्रकाश आत सोडला, तार वाकवली, आणि तरीही प्रकाश दुसऱ्या टोकातून बाहेर आला, तर ते फायबरच. इंटरनेटच्या केबलमधलं फायबर अतिशुद्ध सिलिका काचेचं असतं. सुमारे २००० अंश सेल्सियसला ते ओढतात, जाडी १२५ मायक्रोमीटर ठेवतात, आणि त्यात दर किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास प्रकाश घटतो (डेसिबल हे घट मोजायचं माप, ३ डेसिबल म्हणजे प्रकाश निम्मा). ते आपल्या घरात होणार नाही. आपली तार पाव ते एक मिलिमीटर जाडीची आणि वीतभरापासून दीड-दोन मीटर लांबीची असते. पण आतलं विज्ञान तेच, पूर्ण आंतरिक परावर्तनाचं. प्रकाश दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे फार तिरका गेला, की सीमेवरून पूर्णपणे मागे फिरतो. ज्या कोनाच्या पुढे असं होतं तो क्रांतिक कोन, सीमेच्या लंबापासून मोजलेला. काचेतून हवेकडे जाताना तो सुमारे ४१ अंश, पाण्यातून हवेकडे जाताना ४८.६ अंश.

पदार्थ निवडताना सर्वांत आधी काय बघायचं?

जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "पारदर्शक आहे का ते." माझ्या मते ते सर्वांत शेवटी बघा. आधी बघा, पदार्थ तापल्यावर कसा वागतो.

तुरटीचा खडा चांगला पारदर्शक असतो. खडीसाखरेचा स्वच्छ दाणा, बर्फाचा तुकडा, हेही तसेच. पण यांतल्या एकाचीही तार ओढता येत नाही. स्फटिक ठरावीक तापमानाला एकदम वितळतो. त्या क्षणाच्या आधी तो दगड आणि नंतर पाणी. तार ओढायची तर मधली अवस्था लागते. आधी मळलेल्या कणकेसारखा, मग मधासारखा, असा हळूहळू सैल होणारा पदार्थ हवा. काच तशी असते, बरीच प्लास्टिकं तशी असतात, आणि साखरेचा पाक तसा असतो. आपल्या घरातल्या बायका पाकाचा थेंब बोटांत धरून "एकतारी झाला, दोनतारी झाला" असं बघतात, ती खरं तर चिकटपणाची चाचणीच आहे. फायबर ओढणाऱ्याला तीच नजर हवी.

दुसरी गोष्ट अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती मंदावतो आणि वाकवतो याचा आकडा. गाभ्याचा, म्हणजे ज्यातून प्रकाश जातो त्या आतल्या भागाचा, अपवर्तनांक त्याभोवतीच्या आवरणापेक्षा जास्त असलाच पाहिजे. नुसती हवा आवरण म्हणून असेल तर कोणताही घन पदार्थ चालतो.

तिसरी गोष्ट पृष्ठभाग. एक मीटरच्या तारेत प्रकाश हजारो वेळा भिंतीला लागू शकतो. भिंतीवर ओरखडा, धूळ किंवा बोटाचं तेल असेल, तर दर वेळी थोडा प्रकाश निसटतो.

आणि मग पारदर्शकता. ती शेवटी का, ते आकड्यात बघा. १९६० च्या दशकातल्या चांगल्या काचेत दर मीटरला साधारण १ डेसिबल प्रकाश घटायचा. एका किलोमीटरला ते १००० डेसिबल होतं, म्हणजे पलीकडे काहीच पोचत नाही. पण तुमची तार अर्धा मीटरच आहे. तिथे घट अर्धा डेसिबल, म्हणजे शंभरातले अकरा भाग. बाकीचे एकोणनव्वद भाग पलीकडे जातात. तेवढ्यासाठी शुद्ध काच शोधत शहरभर फिरण्यापेक्षा तार ओढल्यावर तिला हात न लावणं जास्त फळाला येतं.

साखरेच्या पाकाची तार खरंच प्रकाश नेते का?

नेते, आणि पहिला प्रयोग म्हणून मी तीच सुचवतो. घट्ट झालेला साखरेचा पाक ही शब्दशः काच आहे. रेणू स्फटिकात रांगेने न बसता जसे होते तसे गोठतात. तिचा अपवर्तनांक सुमारे १.५४ भरतो, खिडकीच्या काचेपेक्षा किंचित जास्तच. गुढीपाडव्याच्या गाठीही साखरेच्याच, पण त्या पांढऱ्या आणि अपारदर्शक दिसतात, कारण त्यात बारीक स्फटिक होतात आणि प्रत्येक स्फटिकाच्या कडेवर प्रकाश विखुरतो. म्हणून आपलं सगळं कौशल्य स्फटिक होऊ न देण्यात आहे.

एक वाटी साखर, अर्ध्या वाटीहून थोडं कमी पाणी आणि लिंबाचे चार-पाच थेंब घ्या. लिंबातलं आम्ल थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करतं, आणि मिश्र गर्दीत स्फटिकाची रांग लागत नाही. बेकरीचं सामान विकणाऱ्याकडचं लिक्विड ग्लुकोजही हेच काम करतं. उकळी फुटल्यावर चमचा घालू नका. कडेला उडालेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवा. एकतारी, गोळीबंद या पायऱ्या ओलांडून पाक सुमारे १५० अंशांपर्यंत जाऊ द्या. थंड पाण्यात टाकलेला थेंब कट्कन तुटला पाहिजे. १६० च्या पुढे तो पिवळसर होतो. तशी तार निळा प्रकाश गिळते, लाल मात्र बऱ्यापैकी नेते.

गॅस बंद करून बुडबुडे वर येईपर्यंत थांबा. पाक मधाइतका दाट झाला की बांबूची काडी टेकवून एका दमात, एकाच वेगाने वर ओढा.

मागच्या मे महिन्यात भाचीबरोबर हे केलं. सकाळचे सहा वाजले होते आणि कूलर बंद होता. तिने ओढलेली हातभर तार आम्ही दोन वाट्यांच्या काठांवर आडवी ठेवली, म्हणजे मधे ती कशालाच टेकत नव्हती. एका टोकाला लाल एलईडी धरला, आणि दुसऱ्या टोकावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढा लाल ठिपका उजळला. तारेत दोन ठिकाणी बुडबुडे अडकले होते, तिथे दोन ठिणग्या दिसत होत्या. भाचीने तार वाटीच्या काठाला जिथे टेकली होती तिथे बोट दाखवून विचारलं, "मामा, इथेपण उजेड गळतोय, का?" त्या एका प्रश्नात आवरणाची सगळी गरज आली. स्टील टेकलं, तिथे हवेची सीमा गेली.

नागपूरच्या हवेचा काही फरक पडतो का?

फार पडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. साखरेच्या तारेला हा कोरडेपणा मानवतो. पावसाळ्यात तीच तार तासाभरात चिकट होते. ओलावा शोषला की पृष्ठभाग सैल पडतो, तिथे रेणूंना हलायला जागा मिळते, स्फटिक धरतात आणि तार दुधाळ होते.

पण उन्हाळ्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे कूलर. वाळ्याच्या टट्ट्यांतून येणारी हवा थंड असते तशी ओलीही असते. भाचीबरोबर तार ओढली त्या दिवशी दुपारी आम्ही कूलर लावला आणि तार तशीच ठेवली. चार वाजता तिला बोट चिकटायला लागलं, रात्री ती पांढरट झाली होती. आता मी ओढलेली साखरेची तार झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवतो. बुटांच्या खोक्यात येते तीच पुडी.

काच किंवा प्लास्टिक ओढतानाही पंखा आणि कूलर बंदच हवेत. झोत लागला की तार एका बाजूने आधी गोठते, जाडी खालीवर होते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावं. आणि ग्लू गनच्या कांडीपासून केलेली तार नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवर नेऊ नका. तापलेल्या फरशीवर ती लोळण घेते.

काचेची तार ओढायची तर कोणती काच घ्यावी?

तीन प्रकार समोर येतात.

प्रयोगशाळेतली साधी कांडी किंवा नळी सोडा-लाइम काचेची असते. अपवर्तनांक सुमारे १.५२, आणि ती ७०० अंशांच्या थोडं पुढे मऊ पडू लागते. शाळेत स्पिरिटच्या दिव्यावर काचनळी वाकवलेली आठवत असेल, तीच ही. घरच्या प्रयोगाला ही सर्वांत सोयीची. कड बघितली तर हिरवट दिसते, तो लोहाचा अंश. हातभर तारेत त्याने काही बिघडत नाही.

बोरोसिलिकेट, म्हणजे आपण सरसकट बोरोसिल म्हणतो ती, १.४७ अपवर्तनांकाची आणि ८०० च्या पुढे मऊ होणारी. तिला ब्युटेन टॉर्च लागतो. अचानक गरम-थंड झाली तरी ती सहसा तडकत नाही, म्हणून नवख्याला बरी, पण तिच्यावर काम करायला वेळ कमी मिळतो. ज्योतीबाहेर काढली की लगेच ताठ होते.

क्वार्ट्झ काच, म्हणजे सिलिका, घरी घेऊ नका. ती मऊ व्हायला १६०० अंशांहून वर जावं लागतं. १८८७ मध्ये चार्ल्स व्हर्नन बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाने वितळलेल्या क्वार्ट्झचं टोक बाणाला चिकटवून तो धनुष्यातून सोडला, आणि बाणामागे सूक्ष्म तंतू ओढला गेला. त्याला ते तंतू नाजूक तराजूसाठी हवे होते, प्रकाशासाठी नव्हे. एवढी खटपट का करावी लागली, तर क्वार्ट्झ क्षणात गोठतं आणि हाताचा वेग त्याला पुरत नाही.

ओढायची रीत अशी. पाच मिलिमीटरची कांडी दोन्ही टोकांनी धरून ज्योतीत सावकाश फिरवत राहा. मधला भाग नारिंगी होऊन लोंबायला लागला, की कांडी ज्योतीच्या बाहेर काढा, एक आकडा मोजा आणि दोन्ही हात सरळ रेषेत लांब करा. ज्योतीतच ओढली तर बारीक झालेला भाग वितळून तुटतो. नव्वद टक्के अपयश इथेच येतं.

तार किती जाड येईल याचा हिशोब सोपा आहे. काच तेवढीच राहते, म्हणून लांबी दीडशे पट झाली तर छेदाचं क्षेत्रफळ दीडशे पट कमी होतं आणि व्यास दीडशेच्या वर्गमुळाने, म्हणजे बारा पटींनी घटतो. एक सेंटिमीटर तापलेला भाग हात फैलावून दीड मीटर ओढला, तर पाच मिलिमीटरच्या कांडीची तार ०.४ मिलिमीटरची येते. याहून बारीक हवी तर जोडीदाराला एक टोक देऊन त्याला खोलीभर चालायला सांगा.

ताजी ओढलेली तार चकित करण्याइतकी मजबूत असते. बोट लागलं की पृष्ठभागावर न दिसणारे चरे पडतात, आणि मग तीच तार बांगडीएवढ्या वळणातही तुटते.

बोरोसिलच्या नळीत साध्या काचेची कांडी घालून दोन्ही एकत्र ओढली तर गाभा आणि आवरण मिळेल ना?

हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणाऱ्याने अपवर्तनांक बरोबर लावलेले असतात. आत १.५२, बाहेर १.४७. कागदावर उत्तम. मीही तसंच केलं होतं. जोड छान दिसत होती, तार ओढली, ती ओट्यावर ठेवून झोपलो. ओढताना न वापरलेला जाड भाग रात्री टिच् टिच् करत होता. सकाळी बघितलं तर त्याच्यावर लांबीभर भेगा.

कारण प्रसरणात आहे. सोडा-लाइम काच दर अंशाला सुमारे दशलक्षात ९ भाग आकुंचन पावते, बोरोसिलिकेट फक्त ३.३. थंड होताना आतला गाभा बाहेरच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट आक्रसतो आणि जोड सोडून येतो. शिवाय दोघी वेगळ्या तापमानाला मऊ होतात. बाहेरची नळी जेमतेम ओघळत असते तेव्हा आतली पार पातळ झालेली असते. म्हणून दोन काचांची जोडी निवडताना अपवर्तनांक, प्रसरण आणि मऊ होण्याचं तापमान, तिन्ही जुळवावी लागतात. १९५६ मध्ये मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने जास्त अपवर्तनांकाची कांडी कमी अपवर्तनांकाच्या नळीत घालून ओढली आणि काचेचं आवरण असलेलं पहिलं फायबर बनवलं. त्याची जोडी जुळणारी होती.

शिशाच्या काचेचा गाभा आणि साध्या काचेचं आवरण प्रसरणाच्या दृष्टीने जुळतं, पण शिसं घरात तापवू नका.

प्लास्टिकमध्ये काय चांगलं?

अ‍ॅक्रिलिक सर्वांत चांगलं. अपवर्तनांक १.४९, रंग स्वच्छ, आणि बाजारात मिळणारी प्लास्टिक फायबरं याचीच असतात. त्यांत ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची घट दर मीटरला साधारण ०.१५ डेसिबल असते. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे अ‍ॅक्रिलिकच्या कांड्या आणि कातरण मिळतं. पण विकत घेताना एक गोष्ट विचारा: कास्ट (साच्यात ओतून केलेलं) की एक्स्ट्रुडेड (वितळवून दाबून बाहेर काढलेलं)? कास्ट अ‍ॅक्रिलिकच्या रेणूंच्या साखळ्या इतक्या लांब असतात, की तापवल्यावर ते रबरासारखं ताणतं आणि सोडल्यावर मागे येतं, वाहत नाही. एक्स्ट्रुडेड घ्या. दुकानदाराला माहीत नसेल तर एक तुकडा हॉट एअर गनवर तापवून ओढून बघा, लगेच कळतं. तुमची तार ओढली जात नाही यात तुमच्या हाताचा दोष नसून कांडी कास्ट आहे, असं मी कितीतरी मुलांना सांगितलं आहे.

पॉलिस्टायरीन १.५९ चं. सीडीचे जुने पारदर्शक डबे, कडक आणि दाबल्यावर तडकणारे डिस्पोजेबल ग्लास याचेच. सहज ओढलं जातं, पण ज्योतीवर धरलं तर काळा धूर आणि काजळी. गरम हवेवरच काम करा. पॉलिस्टायरीनचा गाभा आणि अ‍ॅक्रिलिकचं आवरण ही जोडी भौतिकशास्त्राच्या प्रयोगांतल्या फायबरमध्ये खरोखर वापरली जाते. घरी मात्र अ‍ॅक्रिलिक द्रावकात विरघळवून पॉलिस्टायरीनवर लावायला जाऊ नका. तोच द्रावक गाभाही खातो.

पॉलिकार्बोनेट ओलावा धरून ठेवतं आणि तापवल्यावर बुडबुडे सोडतं. ग्लू गनची कांडी दुधाळ असते, वीतभर अंतर पुरे. पण ती लवचीक असते आणि लहान मुलांना तार म्हणजे काय ते लगेच कळतं. मासेमारीची नायलॉन दोरी बाजूने छान उजळते, म्हणजेच प्रकाश टोकापर्यंत नीट पोचवत नाही. सजावटीला चांगली.

पीव्हीसी कधीही तापवायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.

सलाइनच्या नळीत पाणी भरलं तर फायबर होतं का?

होतं, पण तुम्ही समजता त्या कारणाने नाही. त्या नळ्या बहुतेक पीव्हीसीच्या, अपवर्तनांक सुमारे १.५३. पाण्याचा १.३३. म्हणजे आतलं माध्यम विरळ आणि भिंत दाट. पाणी आणि भिंत यांच्या सीमेवर प्रकाश अडत नाही, तो भिंतीत शिरतो. अडतो तो बाहेरच्या पृष्ठभागावर, जिथे नळी हवेला भेटते. म्हणून नळी हातात धरली, की त्या जागी उजेड कमी होतो.

द्रवातच प्रकाश धरून ठेवायचा असेल तर पारदर्शक सिलिकोनची नळी घ्या, अपवर्तनांक १.४१, आणि आत मेडिकलच्या दुकानातलं ग्लिसरीन भरा, अपवर्तनांक १.४७. आता सीमा आतल्या भिंतीवर आली. नळी मुठीत धरा, गाठ सोडून कशीही वळवा, प्रकाश जातो. ग्लिसरीन थोडं कोमट केलं तर बुडबुडे लवकर निघतात. दोन्ही टोकांना अ‍ॅक्रिलिकच्या कांडीचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे बुचासारखे घट्ट बसवा.

ग्लिसरीनऐवजी साखरेचं पाणी चालेल का, असं विचारतात. ६० टक्के साखरेच्या द्रावणाचा अपवर्तनांक १.४४ होतो, त्यामुळे सिलिकोनमध्ये ते काठावर चालतं. ४० टक्क्यांचं १.४०, ते चालत नाही. आणि काही दिवसांत त्यात बुरशी धरू शकते.

आवरण हवंच का? नुसती तार पुरत नाही का?

टेबलावर हवेत टांगलेल्या तारेला पुरते. तिला स्पर्श झाला, धूळ बसली, दोन तारा एकमेकींना लागल्या, की नाही. १९५० च्या दशकात फायबरवर काम करणारे सगळे इथेच अडकले होते. १९५४ मध्ये डच शास्त्रज्ञ अब्राहम व्हान हील यांनी उघड्या तंतूंना कमी अपवर्तनांकाचं आवरण देण्याची कल्पना मांडली, आणि त्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेल्याचं प्रसिद्ध केलं. कपानींना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मुलांना हे नाव सांगा, ते फार थोड्यांना माहीत असतं.

घरी सोपं आवरण म्हणजे पारदर्शक सिलिकोन सीलंट. त्याचा अपवर्तनांक १.४० ते १.४१. अ‍ॅक्रिलिकची तार दोन बोटांच्या चिमटीत सीलंटचा थेंब घेऊन त्यातून एकदाच ओढून काढा आणि टांगून वाळू द्या. १.४९ च्या गाभ्याला १.४० चं आवरण मिळालं, की तार सुमारे ६० अंशांच्या शंकूतला प्रकाश आत घेते. हातमोजे घाला, व्हिनेगरचा वास येईल, खिडकी उघडी ठेवा.

तारेचं टोक नीट कापलं जात नाही. काय करू?

काचेच्या तारेवर टाइलच्या तुटक्या कडेने एकच बारीक चरा द्या, मग वाकवण्याऐवजी सरळ ताणा. काप आरशासारखा येतो. प्लास्टिकला नवी ब्लेड आणि त्यानंतर पॉलिश पेपर, ओला करून, ६००, १००० आणि २००० नंबरचा, शेवटी कापडावर टूथपेस्ट. कात्री दोन्हीला वर्ज्य. टोक कितीही चांगलं असलं तरी काचेच्या प्रत्येक टोकावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतोच.

माझी तार किती चांगली आहे हे कसं मोजू?

लांब तारेतून पलीकडे येणारा प्रकाश मोजा, मग आत जाणारं टोक अजिबात न हलवता तार दुसऱ्या बाजूने कापून आखूड करा आणि पुन्हा मोजा. टोकाशी होणारं नुकसान दोन्ही वेळी सारखंच राहतं, म्हणून फरक निव्वळ तारेचा निघतो. प्रयोगशाळांतही हीच पद्धत वापरतात. मोजायला छोटा सौर सेल आणि मल्टिमीटर पुरतो, करंटच्या मापावर ठेवा.

समजा, १०० सेंटिमीटरच्या तारेतून ४० चं माप आलं आणि २० सेंटिमीटर उरल्यावर ८० चं. म्हणजे ८० सेंटिमीटरमध्ये प्रकाश निम्मा झाला. निम्मं म्हणजे ३ डेसिबल, म्हणून दर मीटरला ३.७५ डेसिबल. हाताने ओढलेल्या तारेला हा आकडा लाजिरवाणा नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काओ या शास्त्रज्ञांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासोबत दाखवलं, की काच शुद्ध केली तर किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत घट खाली आणता येईल. १९७० मध्ये कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीच्या तिघा शास्त्रज्ञांनी ते करून दाखवलं, आणि काओंना २००९ चं नोबेल मिळालं. तुमचा आकडा या आकड्यांशेजारी लिहून ठेवा, मुलं मन लावून बघतात.

धोके कोणते?

उकळता पाक त्वचेला चिकटून भाजतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. लहान मुलांनी पातेल्याजवळ यायचं नाही, आणि थंड पाण्याची बादली शेजारी हवी.

काचेच्या बारीक तारेचा तुकडा त्वचेत शिरला तर दिसत नाही, फक्त टोचत राहतो. माझ्या अंगठ्यात एक तुकडा आठवडाभर होता. भिंगाखाली तिरपा उजेड धरला तेव्हा सापडला. चष्मा लावा, खाली गडद कापड पसरा, फुंकर मारू नका, आणि त्या ओट्यावर त्या दिवशी स्वयंपाक नको. तुकडे चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बाटलीत भरा आणि कचरा उचलणाऱ्या ताईंना बाटलीवर "काच" असं लिहून द्या.

लेझरऐवजी एलईडी वापरा. स्वस्त हिरव्या लेझरमधून न दिसणारे अवरक्त किरणही निसटू शकतात. आणि प्रकाश कोणताही असो, टोक डोळ्याला लावून आत बघायचं नाही. कागदावर ठिपका पाडून बघा.

नागपुरात सामान कुठे मिळेल?

लिक्विड ग्लुकोज इतवारीच्या किराणा ओळीत विचारा. एलईडी, सौर सेल, मल्टिमीटर सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. काचेच्या कांड्या शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्यांकडे. ज्योतीची सवय नसेल तर इतवारीच्या सराफ्यात एखाद्या कारागिराला फुंकणी चालवताना परवानगीने थोडा वेळ बघा. ज्योतीचा कोणता भाग कशाला वापरायचा, हे त्याच्या हातातून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. मुलांना गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रातही न्या. ज्यांच्या नावाने ते आहे, ते चंद्रशेखर वेंकट रमण १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीवर काही काळ नागपुरात होते.

माझी मुलगी सातवीत आहे. तिने कुठून सुरुवात करावी?

पाण्यापासून. प्लास्टिकच्या बाटलीला तळापासून चार बोटं वर तापल्या खिळ्याने गोल, गुळगुळीत भोक पाडा. खिळा तुम्ही धरा. भोकावर बोट ठेवून बाटली भरा, मागून भोकाच्या रेषेत टॉर्च धरा, खोलीत अंधार करा आणि बोट काढा. १८४० च्या दशकात जिनिव्हात डॅनियल कोलाडॉन या शास्त्रज्ञांनी हेच दाखवलं होतं. पाण्याची धार वळते आणि प्रकाश तिच्याबरोबर वळून खाली पडतो. तिला तळहात धारेखाली धरायला सांगा. उजेड तळहातावर येईल. मग धार जिथे थेंबांत फुटते तिथे हात न्यायला सांगा. तिथे उजेड विस्कटलेला दिसेल. तो तसा का झाला, हे आधी तिलाच विचारा, आणि दुसऱ्या दिवशी पाक करायला घ्या.